वेगळ्या कपाचा प्रश्न

पुण्यातल्या अनेक स्वयंपाकघरांत एक कप बाकीच्या कपांबरोबर ठेवला जात नाही. तो ओट्याखाली, खिडकीच्या कट्ट्यावर किंवा बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनवर उपडा घातलेला असतो. बहुतेकदा कडेला टवका उडालेला, नाहीतर दांडा तुटलेला. धुणंभांडी, केरफरशी करायला येणाऱ्या बाईंना त्यातून चहा मिळतो आणि चहा झाला की त्या स्वतःच तो विसळून जागच्या जागी ठेवतात. सदाशिव पेठेत वाडा पाडून झालेल्या इमारतींत ही पद्धत आहे, कोथरूडच्या दोन-तीन खोल्यांच्या घरांत आहे आणि बाणेर-बालेवाडीच्या विसाव्या मजल्यावरही आहे. ती कुठल्या एका जातीच्या घरांपुरती उरलेली नाही. ज्यांच्या आजोबांना गावात असाच वेगळा पेला मिळत होता, अशाही काही घरांत ती शिरली आहे.

हा कप इतका अंगवळणी पडला आहे की त्याला कुणी प्रथा म्हणत नाही. हुंड्याविरुद्ध बोलायला व्यासपीठ मिळतं, बालविवाहाविरुद्ध मिळतं. या कपाबद्दल बोलायला लागलं की उत्तर येतं, ‘एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात?’ मला ती एवढीशी वाटत नाही. समोरची बाई आपल्या घरात राबू शकते पण आपल्या घरात बसू शकत नाही, हे त्या कपाने रोज सकाळी नव्याने ठरतं. आणि हे एकदा ठरलं की तिचा पगार, तिची सुट्टी, तिचं आजारपण, तिचं म्हातारपण यांबद्दलचं कुठलंही बोलणं बरोबरीने होत नाही. तिने मागायचं आणि आपण द्यायचं, एवढंच उरतं. माझं म्हणणं असं की पगाराचा प्रश्न आणि कपाचा प्रश्न हे एकच आहेत, आणि ‘आम्ही आमच्या बाईंना चांगलं वागवतो’ असं म्हणणाऱ्या आपण सगळ्यांनी तो एकत्रच सोडवला पाहिजे.

कारण विचारलं तर पहिल्यांदा स्वच्छतेचं नाव पुढे येतं. मग स्वच्छतेचाच हिशोब करू. घरातली सगळी भांडी त्याच घासतात. ज्या ताटात आपण जेवणार ते त्यांच्या हातून येतं. पोळ्यांना येणाऱ्या बाई कणीक मळतात, बाळाला सांभाळणाऱ्या बाई त्याला भात भरवतात. त्या हातांनी घासलेला कप आपल्याला चालतो, पण त्यांच्या ओठांना लागलेला कप साबणाने धुऊनही चालत नाही. फर्ग्युसन रस्त्यावरच्या हॉटेलात कॉफी पिताना त्या कपातून आपल्याआधी कोण प्यायलं हे आपण विचारत नाही, कारण तिथे कप धुतला की स्वच्छ होतो यावर आपला विश्वास असतो. घरी आल्यावर तो विश्वास एका विशिष्ट बाईपुरता संपतो. ज्याने साबण निष्प्रभ ठरतो त्याला स्वच्छतेची काळजी म्हणता येत नाही. त्याला विटाळ म्हणतात.

२०२० मध्ये हे फार उघडं पडलं. पुण्यात कोरोनाचे पहिले रुग्ण ९ मार्चला सापडले, ते दुबईची सहल करून विमानाने परतलेले होते. त्यात त्या प्रवाशांचा काही दोष नव्हता, आजार कुणालाही गाठतो. पण टाळेबंदी सैल झाली तेव्हा अनेक सोसायट्यांच्या फाटकांवर सगळ्यात जास्त दिवस कोण अडवलं गेलं? वस्तीतून चालत येणारी बाई. ऑफिसला जाऊन येणारे रहिवासी लिफ्टने वर जात होते, घरपोच सामान आणणारे तरुण येत होते, आणि बाईंनी यावं की नाही यावर समित्यांच्या बैठका चालल्या होत्या. त्या महिन्यांचा पगार काही घरांनी पूर्ण दिला, त्यांचं मला कौतुक आहे. अनेकांनी दिला नाही, आणि त्या बाईंकडे तो मागण्याचं कसलंही साधन नव्हतं.

विटाळाचं नाव घेतलं की लोक दुखावतात. जात आता कोण पाळतं, असं म्हणतात. २०१७ मध्ये याच शहरात, सणाचा आणि श्राद्धाचा सोवळ्यातला स्वयंपाक करायला येणाऱ्या बाईंनी आपण ब्राह्मण सुवासिनी असल्याचं खोटं सांगितलं, म्हणून एका सुशिक्षित, मोठ्या हुद्द्यावरच्या घरमालकिणीने पोलिसांत तक्रार दिली होती. पोलिसांनी ती नोंदवूनही घेतली. शहरात गदारोळ उठल्यावर ती मागे घेतली गेली. त्या प्रकरणात मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट अशी होती की, एका कष्टकरी बाईला मिळणारं काम तिची पाककला किती चांगली आहे यावर ठरत नव्हतं आणि हे अनेकांना अगदी स्वाभाविक वाटलं. खोटं बोलायची वेळ तिच्यावर का आली, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. संविधानाच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि कोणत्याही स्वरूपातलं तिचं पालन मना केलं. ‘कोणत्याही स्वरूपात’ या शब्दांत स्वयंपाकघरही येतं, असं मी मानते.

या शहराने कपावरून भांडण याआधीही केलेलं आहे. १८९० च्या ऑक्टोबरमध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एका व्याख्यानाला न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि शहरातली बरीच प्रतिष्ठित मंडळी जमली होती. तिथे चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी नुसती हातात धरली. पुढे गोपाळराव जोशींनी हजर असणाऱ्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, माजलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी झाली, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. त्याच्याही वीस-बावीस वर्षं आधी, १८६८ मध्ये, जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला होता. रानडे-टिळकांच्या चहाची गोष्ट आपण अजून सांगतो, कारण त्या वादातले दोन्ही पक्ष लिहिणारे-बोलणारे होते, त्यांना वर्तमानपत्रं होती, सभा होत्या. आजच्या कपाचा वाद होतच नाही, कारण ज्यांना तो कप दिला जातो त्यांचं म्हणणं छापणारं कुणी नाही आणि तो देणाऱ्यांना त्यात वाद घालण्यासारखं काही दिसत नाही. पुण्याला सुधारकांचं गाव म्हणवून घ्यायचं असेल तर हे दिसलं पाहिजे.

कपाचं मोठं रूप म्हणजे लिफ्ट. ‘घरकामगार, डिलिव्हरीवाले आणि पाळीव प्राणी यांनी सर्व्हिस लिफ्ट वापरावी’ अशा अर्थाची पाटी नव्या सोसायट्यांत सर्रास दिसते. हे वाक्य कुणीतरी बसून लिहिलं, समितीने मंजूर केलं, रंगवून घेतलं आणि तिथून रोज येणाऱ्या-जाणाऱ्या शेकडो माणसांना ते खटकलं नाही. गॅसचं सिलेंडर, फर्निचर, सिमेंटच्या गोण्या यांसाठी वेगळी लिफ्ट असायला काहीच हरकत नाही. सामानासाठी नियम करा. पण रिकाम्या हाताने वर जाणाऱ्या बाईला सामानाच्या लिफ्टसाठी थांबवून ठेवायचं कारण कुठलं? तिला साडेआठला चौथ्या मजल्यावर आणि साडेनऊला अकराव्या मजल्यावर पोचायचं असतं. लिफ्टसाठी गेलेली दहा मिनिटं तिच्या दिवसातून जातात, आणि उशिरा आल्याबद्दलचं बोलणंही तीच ऐकते. फाटकावर पिशवीची झडती आहेच. आता फाटकावरच्या अ‍ॅपमध्ये तिचा फोटो आणि तिला दिलेले तारेही असतात. तिने कुठल्या घराला किती तारे द्यावेत, याची सोय कुठे नाही.

आणि संडास. याबद्दल लिहिताना मला संताप आवरावा लागतो. पर्वतीच्या पायथ्याच्या जनता वसाहतीतून किंवा दांडेकर पुलाकडून सकाळी सातला निघालेली बाई पाच-सहा घरं करून दुपारी दोन-तीनला परतते. एवढ्या वेळात तिने लघवीला कुठे जायचं? ज्या घरात ती दोन-दोन संडास घासते, तिथला एकही वापरायची तिला मुभा नसते. तळमजल्यावर रखवालदारांसाठी बांधलेला एक संडास असतो, त्याला बऱ्याचदा कडी नसते आणि पुरुषांची ये-जा असते. म्हणून या बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. लघवीच्या जागेचा जंतुसंसर्ग, मुतखडा, पाळीच्या दिवसांतले हाल हे सगळं त्यातून येतं. हा त्रास बोलून दाखवायलाही लाज वाटते, त्यामुळे तो मालकिणीपर्यंत पोचत नाही. ज्या मालकिणीने स्वतः प्रवासात, ऑफिसात, बस स्टँडवर हाच त्रास काढलेला आहे, तिलाही तो आपल्या घरात दिसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

‘पण त्यांनाच काही वाटत नाही. आम्ही खुर्चीवर बसा म्हटलं तरी त्या खालीच बसतात.’ हे मी खूप घरांत ऐकलं आहे. खरंही असेल. चार घरांतल्या तीन घरांत खुर्चीवर बसल्यावर कपाळावर आठ्या पडत असतील, तर चौथ्या घरात ती बाई खुर्चीवर का बसेल? काम टिकवायचं तर कुठे किती आखडून बसायचं याचा तिचा अंदाज पक्का असतो. तिच्या गप्प राहण्यावरून तिच्या मनाचा निष्कर्ष काढायचा अधिकार आपल्याला नाही, कारण पुढच्या महिन्याचा पगार आपल्या हातात आहे.

आता त्या पगाराकडे येते. आपल्याकडे घरकामाचा दर कामागणिक ठरतो. भांड्यांचे इतके, धुण्याचे इतके, केरफरशीचे इतके, पोळ्यांचे माणशी इतके. तो दर बाजाराने ठरतो असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरतो. ‘आमच्या विंगमध्ये एवढेच देतात, तुम्ही जास्त देऊन दर बिघडवू नका’ असा निरोप तिथे फिरतो. म्हणजे देणारे एकजुटीने भाव धरून ठेवतात, आणि वस्तीतल्या चार बायकांनी मिळून वाढ मागितली की त्यांना शेफारलेल्या म्हणतात. पाहुणे आले की भांडी दुप्पट होतात, दर तोच राहतो. गणपतीत, दिवाळीच्या साफसफाईत काम वाढतं, तेव्हा जुनी साडी किंवा फराळाचा डबा मिळतो. तो प्रेमाने दिलेला असतो याबद्दल मला शंका नाही. मुलीच्या फीसाठी उचल देणारी, दवाखान्यात बरोबर जाणारी, वह्या-पुस्तकं आणून देणारी माणसं या शहरात भरपूर आहेत. तरीही असं वाटतं की या मायेने आपली सोय करून दिली आहे. माया आपल्या मर्जीने देता येते आणि मर्जीने थांबवता येते. पगारी सुट्टी एकदा ठरली की दर महिन्याला द्यावीच लागते.

सुट्टीचं तर बघाच. आयटीत काम करणाऱ्याला वर्षात शनिवार-रविवारचेच १०४ दिवस मिळतात. सण, आजारपण आणि रजा वेगळ्या. त्याच घरी भांडी घासणारी बाई महिन्यात दोन दिवस आली नाही की खाडे मोजले जातात आणि त्याचे पैसे कापले जातात, किंवा कापले नाहीत तर तो उपकार म्हणून लक्षात ठेवला जातो. मूल तापाने फणफणलंय, गावाकडे सासरे वारलेत, स्वतःला चिकनगुनिया झालाय, प्रत्येक वेळी कारण सांगायचं आणि ते खोटं तर नाही ना अशी नजर झेलायची. आठवड्याची एक भरपगारी सुट्टी, म्हणजे वर्षाला ५२ दिवस, ही मागणी मला मोठी वाटत नाही. कारखान्यातल्या कामगाराला ती कधीच मिळाली आहे.

या सगळ्या बोलाचालीत घरातला पुरुष कुठे असतो? बहुतेक वेळा नसतोच. बाई ठेवणं, तिचा दर ठरवणं, खाडे मोजणं, कप वेगळा ठेवणं हे सगळं घरातल्या स्त्रीकडे. कारण मुळात घरकाम तिचं मानलेलं असतं. बाई आली नाही तर ते तिच्याच अंगावर पडतं. सकाळी पावणेनऊची बस गाठायची असताना बाईंचा ‘आज येत नाही’ असा फोन आला की जी चिडचिड होते, ती त्या बाईवर निघते. त्याच वेळी समोर पेपर वाचत बसलेल्या माणसावर निघत नाही. घरातलं काम दोघांचं असतं, तर एका दिवसाचा खाडा दोघांत वाटला गेला असता आणि त्याला कुणी संकट म्हटलं नसतं. म्हणून या लेखातला दोष फक्त मालकिणींच्या पदरात टाकला जाऊ नये. पुण्यातल्या कर्त्या पुरुषांनी आपल्या घरात येणाऱ्या बाईंचं नाव, त्यांची राहण्याची जागा, त्यांचा पगार आणि त्यांना मिळणाऱ्या सुट्ट्या यांची माहिती स्वतः घ्यावी आणि त्या ठरवण्यात भाग घ्यावा.

हे सगळं कुणी मागितलंच नव्हतं असं समजू नका. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला होता. कुठल्याही पुढाऱ्याने आधी ठरवून दिलेला नसलेला, गल्लीगल्लीत आपसूक पसरलेला संप. पगारवाढ हवी, आजारपणाची आणि हक्काची सुट्टी हवी, अशा मागण्या होत्या. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. त्यातल्या कित्येक जणी १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा, सोलापूर, नगरकडून पोटासाठी शहरात आलेल्या कुटुंबांतल्या होत्या. त्या पिढीतल्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या. चाळीस-चाळीस वर्षं घरं करून त्यांच्या हातात ना फंड, ना ग्रॅच्युइटी, ना पेन्शन.

कायदा झाला, तो २००८ मध्ये. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम. नोंदणी करायची, ती वेळोवेळी नवी करायची, आणि मग बाळंतपण, अंत्यविधी अशांसाठी मदत मिळवायची. मधली अनेक वर्षं मंडळाचं काम जवळपास थंडच होतं. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की हा कायदा कल्याणाचा आहे. पगार किती, तास किती, सुट्टी किती याबद्दल तो मालकाला काहीही बांधत नाही. कर्नाटकाने २००४ मध्येच घरकामाचं किमान वेतन ठरवलं होतं. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने मात्र घरालाही कामाची जागा मानलं आहे. घरकामगार स्त्री जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करू शकते. किती जणींना हे ठाऊक आहे, हा प्रश्न वेगळा. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी देशभरात पुरेसा कायदा नाही हे नमूद करून केंद्र सरकारला त्यासाठी समिती नेमायला सांगितलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांसाठी केलेल्या करारावर भारताने अजून शिक्कामोर्तब केलेलं नाही.

अडचण काय सांगितली जाते? घर म्हणजे कारखाना नव्हे, आणि एका बाईचे पाच मालक, मग जबाबदार कुणाला धरायचं? पण हीच अडचण हमालांच्या बाबतीत होती. एक हमाल दिवसात दहा व्यापाऱ्यांचा माल उचलतो, त्याचा मालक कोण? महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने त्याचं उत्तर शोधलं. व्यापाऱ्याने मजुरी आणि त्यावर ठराविक टक्के लेव्ही मंडळात भरायची, आणि मंडळाने त्यातून हमालाला फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचे पैसे द्यायचे. मार्केटयार्डात पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला या राज्यात भविष्य निर्वाह निधी मिळतो, यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीसारख्या संघटनांची आयुष्यभराची मेहनत आहे. तीच रचना घरकामाला लावता येईल. प्रत्येक घराने पगाराबरोबर थोडी रक्कम मंडळाकडे भरायची. सोसायटीने मेंटेनन्सच्या बिलाबरोबर ती गोळा केली तर तेही सोपं. ज्या सोसायटीला फाटकावर कोण किती वाजता आलं याची नोंद मोबाइलवर ठेवता येते, तिला हे अवघड जाणार नाही.

एक हरकत मी गंभीरपणे घेते. पुण्यात हजारो वृद्ध जोडपी एकटी राहतात. मुलं परदेशात, कमाई म्हणजे पेन्शन नाहीतर ठेवीवरचं व्याज. त्यांना सकाळी उठवून चहा देणारं, औषधाची आठवण करणारं माणूस म्हणजे घरकामाच्या बाईच. दर वाढले, लेव्ही लागली तर त्यांनी काय करायचं? हा प्रश्न खरा आहे. पण त्यांच्या म्हातारपणाची सोय एका गरीब बाईच्या म्हातारपणातून कापून काढणं हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. ज्या म्हाताऱ्यांना परवडत नाही त्यांना शासनाने आणि परदेशातल्या मुलांनी हातभार लावावा. आणि हेही खरं की जास्त ओरड त्यांची नसते. ती अशा घरांतून येते जिथे एका रविवारच्या बाहेरच्या जेवणाचं बिल बाईंच्या महिन्याच्या पगाराच्या आसपास जातं.

कायदा होईल तेव्हा होईल. सहकारी गृहनिर्माण संस्थांना आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते. तिथे पार्किंगवर दोन तास बोललं जातं. यंदा कुणीतरी उठून चार ठराव मांडावेत. लिफ्टवरची माणसांना वेगळं काढणारी पाटी काढावी. तळमजल्यावर घरकामगार स्त्रियांसाठी कडी, पाणी आणि दिवा असलेला वेगळा संडास असावा, आणि तोवर प्रत्येक घराने आपला खुला ठेवावा. सोसायटीत काम करणाऱ्या प्रत्येकीला आठवड्याची एक सुट्टी पगार न कापता मिळावी, काम सोडवताना महिन्याची आगाऊ सूचना किंवा महिन्याचा पगार द्यावा. आणि घरकामाच्या दरावर ग्रुपमध्ये चर्चा करायचीच असेल तर त्या चर्चेला काम करणाऱ्या बायकांच्या दोन-तीन प्रतिनिधींना बोलवावं, सभेच्या हॉलमध्ये, बाकीच्यांसारख्याच खुर्च्यांवर, आणि त्यांच्या कामाच्या वेळा सांभाळून सभा दुपारी चारनंतर ठेवावी.